हरलेल्याला संधी आणि पॉजला शिक्षा : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

छत्रपती संभाजीनगरच्या गेमिंग मेळाव्यात आम्ही घेतलेल्या ‘टेकन ८’ (दोघांनी समोरासमोर लढायचा व्हिडिओ गेम) स्पर्धेच्या वृत्तांतावर आपण परभणीहून पाठवलेली प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. आपल्या म्हणण्याचा आशय असा : विजेता ठरलेला मुलगा त्याआधी त्याच प्रतिस्पर्ध्याकडून हरला होता, तेव्हा त्याला विजेता म्हणायचे कसे, वीज गेली तेव्हा आम्ही राउंड पुन्हा खेळवला, पण एका मुलाच्या हातून पॉज दाबला गेला तेव्हा मात्र राउंड समोरच्याला बहाल केला, हा दुहेरी न्याय झाला, आणि एसटी उशिरा पोचल्याने आपल्या भाच्याला पहिला सेट (म्हणजे दोघांतला एक पूर्ण सामना; सेटमध्ये गेम आणि गेममध्ये राउंड असतात) न खेळताच गमवावा लागला, हा निव्वळ आडमुठेपणा. भला मोठा पडदा असताना मुलांना छोट्या मॉनिटरवर का खेळवले, असेही आपण जाता जाता विचारले आहे. शब्द कडक असले तरी मुद्दे नेमके आहेत, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

आपण लिहिता की जत्रेच्या फडात पैलवान चीतपट झाला की कुस्ती निकाली निघते, त्याला पुन्हा कोणी आखाड्यात उतरवत नाही. जत्रेपुरते ते खरेच आहे. पण तिथे जोड लावणारी जाणती मंडळी दोन्ही पैलवानांना नजरेने जोखून, तोडीस तोड पाहून जोड लावतात. आमच्याकडे ३२ नावे आली, त्यांतल्या निम्म्यांहून अधिक मुलांचा खेळ आम्ही कधी पाहिलेला नव्हता. अशा वेळी सर्वांत तयारीचे दोघे पहिल्याच फेरीत समोरासमोर येण्याची शक्यता असते आणि एका पराभवात बाहेर काढण्याची पद्धत ठेवली तर त्यांतला एक तासाभरात परतीच्या गाडीला लागतो. ऑलिम्पिकच्या कुस्तीतही हा विचार झालेला आहे : अंतिम फेरी गाठणाऱ्याकडून जे हरले त्यांना रेपेचाजमधून कांस्यपदकापर्यंत जाता येते. साक्षी मलिकने २०१६ साली रिओला मिळवलेले कांस्य उपांत्यपूर्व फेरीतल्या पराभवानंतरचे होते. आमची पद्धत याच्याही एक पाऊल पुढे जाते. हरलेल्याला ती थेट विजेतेपदापर्यंत वाट मोकळी ठेवते.

या पद्धतीचा नियम एकच आहे : दोन सेट हरला तो बाहेर. पहिला सेट हरलेला खेळाडू विनर्स ब्रॅकेटमधून (न हरलेल्यांच्या सामन्यांच्या मांडणीतून) लूझर्स ब्रॅकेटमध्ये (एकदा हरलेल्यांच्या मांडणीत) उतरतो, तिथे हरला की त्याची स्पर्धा संपते. आता अंतिम सामन्याचा हिशेब पाहा. विनर्सच्या फायनलमध्ये हरलेला मुलगा लूझर्सची फायनल जिंकून परत आला, तेव्हा त्याच्या खात्यावर एक हार होती आणि समोरच्याच्या खात्यावर एकही नव्हती. म्हणून विजेतेपदासाठी समोरच्याला एकच सेट पुरेसा होता, याला मात्र लागोपाठ दोन जिंकणे भाग होते. पहिला जिंकून त्याने दोघांना बरोबरीत आणले (यालाच ब्रॅकेट रीसेट म्हणतात), आणि दुसरा जिंकल्यावर समोरच्याच्या दोन हारी पूर्ण झाल्या. त्या दिवशी हे दोघे एकूण तीन सेट खेळले आणि त्यांतले दोन विजेत्याचे आहेत. आपण फक्त पहिला सेट मोजता, आम्ही तिन्ही मोजतो.

फायटिंग गेमच्या जगात लूझर्स ब्रॅकेटला कमीपणा मानत नाहीत, हेही सांगायला हवे. या खेळातला सर्वांत गाजलेला क्षण इव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेतला, २००४ सालचा आहे : ‘स्ट्रीट फायटर ३ : थर्ड स्ट्राइक’मध्ये जस्टिन वाँग खेळवत असलेल्या चुन-ली या पात्राने सुपर (सलग फटक्यांचा मोठा हल्ला) मारला तेव्हा दैगो उमेहाराच्या केनची शक्तीची पट्टी जवळजवळ संपलेली होती, साधा ब्लॉक केला असता तरी तो संपला असता, त्याने सुपरचे सगळेच्या सगळे १५ फटके एकामागून एक पॅरी केले, म्हणजे नेमक्या क्षणी परतवले, आणि तो राउंड जिंकला. हा सामना लूझर्सची फायनल होता. त्यानंतरची ग्रँड फायनल दैगो हरला, पण त्या वर्षीची आठवण निघते ती याच सामन्याची.

आता पॉज आणि वीज. हे दोन वेगळे न्याय आहेत हे मला मान्य आहे आणि ते मुद्दाम वेगळे ठेवलेले आहेत. हा गेम सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे ६० चित्रांनी, चालतो. टेकनमधला सर्वांत वेगवान साधा जॅब (झटपट ठोसा) १० फ्रेमचा, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या हिश्श्याचा. समोरच्याचा फसलेला फटका ब्लॉक केल्यावर त्याला शिक्षा देण्यासाठी जी खिडकी मिळते ती याच मापाची असते; खेळाडूचे बोट विचारापेक्षा सरावावर चालते. त्या क्षणी पडदा गोठला आणि पुन्हा सुरू झाला तर ती खिडकी परत मिळत नाही, आणि आपण चुकलो होतो हे पॉज दाबणाऱ्याला मात्र मधल्या वेळात नीट उमगलेले असते. मुद्दाम दाबला की चुकून, हे कोणत्याही पंचाला ओळखता येणार नाही. म्हणून पॉज दाबणाऱ्याने तो राउंड गमवावा, असा प्रघात मोठ्या स्पर्धांतही आहे. त्या मुलाचा अंगठा घामाने सरकला हे मी जवळून पाहिले आणि मला वाईटही वाटले. पण बटणांचा पॅड त्याच्या हातात होता. उलट वीज जाते तेव्हा दोघांचाही हात त्यात नसतो आणि दोघांचे नुकसान सारखेच होते.

वीज परत आल्यावर आम्ही काय केले, तेही नीट सांगतो. त्या गेममध्ये राउंड २-१ असे होते आणि चौथा राउंड अर्ध्यावर आला होता. गेम नव्याने सुरू केला की गुण शून्यावर येतात, ते हवे तिथून सुरू करण्याची सोय आम्हांला उपलब्ध नव्हती. म्हणून जितके राउंड झाले तितके पहिल्यांदा ‘परत करावे’ लागले. दोघांनीही आळीपाळीने पॅड मांडीवर ठेवून आपल्या पात्राला निमूट मार खाऊ दिला, २-१ झाले, आणि मग चौथा राउंड दोघांच्या भरलेल्या पट्ट्यांसह खरोखर खेळला गेला. प्रेक्षक हसत होते, ते आपणही ऐकले असेल. ज्याची पट्टी चौथ्या राउंडमध्ये जास्त शिल्लक होती त्याचे थोडे नुकसान झाले, हे खरे. पण तेवढी भरपाई करण्याचा मार्ग आमच्याकडे नव्हता, आणि वीज गेल्यास असे होईल हे नियमपत्रात आधीच छापलेले होते.

पडद्याचे उत्तर सोपे आहे. प्रोजेक्टर आणि पुष्कळसे घरगुती टीव्ही चित्रावर संस्कार करून मगच ते दाखवतात, त्यात काही फ्रेम खर्ची पडतात, आणि वर सांगितलेल्या मापात काही फ्रेम म्हणजे फार झाले. म्हणून खेळाडूंसाठी मॉनिटर आणि स्प्लिटरमधून (एका चित्राच्या दोन वाटा करणाऱ्या उपकरणातून) तेच चित्र प्रेक्षकांसाठी पडद्यावर, अशी जोडणी होती. वायरलेस पॅडला बंदी होती ती मात्र वेगळ्या कारणाने : आधीच्या खेळाडूचा जोडलेला पॅड पिशवीत दाबला गेला तरी चालू सामन्यात व्यत्यय येतो.

राहिला आपल्या भाच्याचा प्रश्न. ३२ खेळाडूंपैकी ३१ जणांना दोन-दोन हारी व्हाव्या लागतात, म्हणून एकूण ६२ सेट होतात, रीसेट झाला तर ६३. शेवटच्या आठ खेळाडूंचे १० सेट, आणि रीसेटचा एक, प्रेक्षकांसमोर एकाच यंत्रावर घेतले. उरलेले ५२ चार यंत्रांवर, सेटला सरासरी १२ मिनिटे धरली तरी, अडीच तासांच्या वर जातात. या पद्धतीत एक खेळाडू नसला की दोन्ही बाजू अडतात : वर विजेत्याची वाट पाहणारा थांबतो आणि खाली हरणाऱ्याची वाट पाहणाराही. तीनदा पुकारा केल्यावर आपल्या भाच्याचा सेट बाद धरला, पण त्याला बाहेर काढले नाही. तो लूझर्समध्ये उतरला, एसटीतून आल्यावर दोन सेट जिंकला आणि तिसऱ्यात हरला. आपण ज्या दुसऱ्या संधीवर टीका करता, तिच्यामुळेच त्याचा प्रवास अगदीच वाया गेला नाही.

‘थोडे सांभाळून घेतले असते तर काय बिघडले असते’ असे आपण विचारता. मराठवाड्यात ‘गाव कोणते’ आणि ‘कोणाचे’ हे दोन प्रश्न विचारले की ओळख निघतेच. त्या सभागृहातल्या निम्म्या मुलांशी माझी किंवा माझ्या सहकाऱ्यांची अशीच कुठून तरी ओळख निघाली असती. परभणीच्या मुलासाठी मी १५ मिनिटे थांबलो असतो आणि लातूरच्या मुलासाठी पाचच, तर ती १० मिनिटे कोणाच्या ओळखीची, हे पुढच्या वर्षभर बोलले गेले असते. आयोजकाने आपल्या हातात दयेचा अधिकार ठेवूच नये, असे माझे ठाम मत आहे.

बाहेरगावच्या मुलांचे सेट उशिरा ठेवावेत, ही आपली सूचना मात्र मला पटते. अडचण एवढीच की एकाच गावची मुले सुरुवातीलाच एकमेकांसमोर येऊ नयेत म्हणून आम्ही त्यांना ब्रॅकेटमध्ये पांगवतो, आणि एका गाडीने येणाऱ्या सगळ्यांना एकाच उशिराच्या गटात घातले तर ती पुन्हा एकमेकांवरच पडतात. पुढच्या वेळी आठ-आठ जणांचे चार गट करून त्यांतले दोन दुपारी सुरू करावेत आणि परभणी, नांदेड, लातूरची मुले त्या दोन गटांत विभागावीत, असा विचार आहे. त्यासाठी नोंदणीच्या अर्जात ‘येण्याची गाडी व पोचण्याची वेळ’ हा रकाना घालत आहोत; भाच्याचा अर्ज भरताना तो तेवढा रिकामा सोडू नये.