पोटभर खायला घातलं की कुपोषण जातं?

सध्या एक मजकूर मोबाइलवरून मोबाइलवर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गरीब खेड्यातल्या मुलांना पोटभर खायला घाला, कुपोषण जाईल आणि आजारही जातील; जुलाब लागले की पोटाला आराम द्या; आणि काळजी करायची ती हाडांचा सापळा झालेल्या मुलांची. अन्न हवंच, त्यात वाद नाही. पण बाकीचं ऐकलं तर मुलं दगावतील.

‘कारण एकच, कमी खाणं.’ नाही. १९६०च्या दशकात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ लिओनार्डो माता यांनी मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशातल्या सांता मारिया काउके या खेड्यातल्या मुलांची जन्मापासून नोंद ठेवली. अंगावर पिणारी बाळं पहिले काही महिने चांगली वाढत. पुढे जुलाब, गोवर, खोकला एकामागून एक सुरू झाले की वजन अडायचं, घटायचं. तापात शरीराची गरज वाढते आणि भूक मरते, स्नायू झिजतात. घाणीत वाढणाऱ्या मुलाच्या आतड्याला तर जुलाब नसतानाही सूज असते. खाल्लेलं अंगी लागत नाही. भर निघण्याआधी पुढचं दुखणं येतं, आणि खंगलेलं शरीर त्याला आणखी सहज बळी पडतं. तीव्र कुपोषणात संसर्ग असूनही कधी कधी ताप येत नाही. म्हणून उपचारात अन्नाबरोबर प्रतिजैविकंही देतात.

‘पोटाला आराम’ हा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. जुलाबातही आतडं बरंचसं अन्न शोषून घेतं. म्हणून जुलाबात हे द्या: ओआरएस (क्षार-साखरेचं पाणी), १० ते १४ दिवस झिंक (जस्त), अंगावरचं दूध चालूच, थोडं थोडं पण वारंवार खाणं. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जादा जेवण.

सापळा झालेली मुलंच धोक्यात? पोषण-संशोधक डेव्हिड पेलेटियर आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली ५३ विकसनशील देशांची आकडेवारी तपासली. कुपोषणामुळे ओढवलेल्या बालमृत्यूंपैकी ८३ टक्के सौम्य आणि मध्यम कुपोषणाचे निघाले, कारण अशी मुलं संख्येने कितीतरी जास्त असतात.

यावर ‘मग संडास बांधा, झालं’ असंही कुणी म्हणतं. बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेतल्या मोठ्या चाचण्यांत घरोघरी संडास आणि हात धुण्याची सोय केली, पाणी शुद्ध केलं. तरी तिथल्या मुलांची उंची इतर मुलांपेक्षा जास्त वाढली नाही. भोवतालची घाण एवढ्याने हटत नाही.

मुलाचं वजन अडलं असेल तर आईला ‘काय खायला घालता?’ एवढंच विचारू नका. गेल्या महिन्यात ते कितीदा आजारी पडलं आणि तेव्हा त्याचं खाणं बंद केलं होतं का, हेही विचारा.