नकाशा आधी कागदावर पाहावा

इंदूरहून महेश्वरला जाण्याचे दोन मार्ग सर्वांच्या परिचयाचे आहेत. एक आग्रा-मुंबई रस्त्याने मानपूर, धामनोदवरून जातो, तर दुसरा महू, जाम दरवाजा आणि मंडलेश्वरवरून. हल्ली आपण गाडीत बसतो, मोबाईलमध्ये गावाचे नाव घालतो आणि तो दाखवील ती वाट धरतो. मला हे मनापासून खटकते. मार्ग आपण घरीच, कागदी नकाशा समोर पसरून ठरवावा. मोबाईलकडे वळणे दाखवण्याचे काम सोपवावे.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. त्यावरच्या तपकिरी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, साधारणपणे वीस-वीस मीटर उंचीच्या फरकाने काढलेल्या असतात. रेषा जितक्या जवळ, तितका उतार तीव्र. महूच्या दक्षिणेला याच रेषा एकमेकींना अगदी खेटून येतात आणि माळव्याचे पठार संपून विंध्याचा कडा निमाडात कसा उतरतो, हे नजरेत भरते. घाटातला रस्ता इतका वळसे का घेतो, हे मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. त्याच परिसरातल्या जानापावजवळ उगम पावणारी चंबळ उत्तरेला यमुनेकडे निघते, तर चोरल दक्षिणेला वाहत नर्मदेला मिळते. म्हणजे एका पाण्याची वाट बंगालच्या उपसागराकडे आणि दुसऱ्याची अरबी समुद्राकडे! मोबाईलच्या पडद्यावर रस्त्यापुरता मोठा केलेला तुकडा दिसत असताना हा जलविभाजक कोणाच्या लक्षात येणार?

मोबाईलची उपयुक्तता मी नाकारत नाही. शहरातली कोंडी, नवा उड्डाणपूल, अचानक बंद झालेला रस्ता यांची खबर छापील नकाशा देऊ शकत नाही, आणि अनोळखी गल्लीत घर शोधायचे तर मोबाईलच बरा. मात्र जीपीएसचे संकेत उपग्रहांकडून थेट मिळत असले, तरी पडद्यावरचा नकाशा बहुधा इंटरनेटवरून येतो, हे अनेकांना ठाऊक नसते. त्यामुळे घाटात रेंज गेली की निळा ठिपका दिसत राहतो आणि त्याखालचा रस्ता मात्र उमटत नाही. निघण्यापूर्वी तेवढा भाग मोबाईलमध्ये उतरवून ठेवला, तर हा प्रश्न सुटतो.

या पावसाळ्यात पाताळपाणी, चोरल किंवा मांडूला जाणाऱ्या मंडळींनी आदल्या रात्री मुलांना जवळ बसवून रस्ता बोटाने नकाशावर फिरवून पाहावा, आणि शक्य असेल तर परतीसाठी दुसरा मार्ग निवडावा.