जादा वीजबिल भरू इच्छिणाऱ्यांसाठी

घरोघरी एक माणूस असतो. तिन्हीसांजेपासून तो खोल्याखोल्यांतून दिवे मालवत फिरतो आणि "बिल काय तुझा सासरा भरणार?" असं विचारतो. या माणसाला अजिबात अडवू नका. नऊ वॅटचा एलईडी रोज पाच तास उगाच जळला तरी महिन्याकाठी सव्वा-दीड युनिट होतात. तेवढे वाचवल्याचं समाधान इतकं मोठं असतं, की त्याच्या आडून दोनशे युनिटांचं चुकीचं बिल निवांत घरात शिरतं. हा माणूस दिव्यांच्या मागे आहे तोवर बिलाच्या मागे लागणार नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवं आहे.

वीज जास्त जाळून बिल वाढवणं कोणालाही जमतं. एसी लावला की झालं. खरं कसब आहे ते वीज न जाळता जास्त पैसे भरण्यात. त्याला खर्च काहीच नाही. एवढंच करायचं, की बिल हातात आलं की नजर थेट खालच्या ठळक रकमेवर न्यायची आणि तिथून हलू द्यायची नाही. 'ऑटो-पे' लावलं असेल तर तेवढेही कष्ट नकोत.

महावितरणच्या बिलावर मधोमध एक ओळ असते: चालू रीडिंग, मागील रीडिंग, गुणक अवयव, युनिट. ही ओळ म्हणजे आपल्या व्रतातला सगळ्यात मोठा धोका. ती वाचली की संपलं. (मुंबईत बेस्ट, टाटा, अदानी यांच्या बिलांची मांडणी निराळी, पण धोका तोच.) चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा करणं हे तिसरीतलं गणित आहे, म्हणूनच मोठ्या माणसांनी ते करू नये. गुणक अवयव म्हणजे त्या वजाबाकीला ज्याने गुणायचं तो आकडा; घरगुती जोडणीत तो १ असतो, तिथे दुसरं काही छापलेलं दिसलं तर ती सरकारी भाषा समजून सोडून द्यावं. वरच्या बाजूला वर्गवारी छापलेली असते. पूर्वी गाळा असलेल्या घराला अजून व्यावसायिक दर लागतोय, किंवा आजोबांच्या पिठाच्या गिरणीसाठी घेतलेल्या थ्री फेजचा जाडजूड स्थिर आकार गिरणी मोडीत निघाल्यावरही दरमहा चालू आहे, असल्या गोष्टी तिथे कळतात. म्हणून तिथेही पाहू नये.

पण खरा मेवा आहे तो 'चालू रीडिंग'च्या रकान्यात आकड्याऐवजी शब्द येतो तेव्हा. लॉक्ड, फॉल्टी, आरएनए. शब्द वेगवेगळे, अर्थ एकच: या महिन्यात तुमचा मीटर कोणी वाचलेला नाही आणि बिल सरासरीवर काढलंय. असं बिल पहिल्यांदा आलं की भरून टाका. दुसऱ्यांदाही भरा. रीडिंगला येणार असल्याचा एसएमएस येतो, तो लग्नाच्या मेसेजांसारखा न उघडता पुसा. रीडिंगवाला आला नाही तर स्वतः फोटो काढून महावितरणच्या ॲपवर रीडिंग पाठवता येतं, हे तर साफ विसरून जा. मीटर खोलीला कुलूप आणि किल्ली वॉचमनकडे, वॉचमन गावाला, ही आपल्या सोसायट्यांची परंपरा आहे. ती टिकली पाहिजे.

अशी तीन महिने सरासरी झाली की चौथ्या वेळी कोणीतरी येऊन खरं रीडिंग घेतो, आणि मग मजा सुरू होते. समजा तुमचं घर महिन्याला ९० युनिट वापरतं. चार महिन्यांचे ३६० झाले. सरळ हिशेबात हे ३६० चार महिन्यांत वाटले जायला हवेत, म्हणजे दरमहा ९० आणि सगळे पहिल्या, स्वस्त स्लॅबमध्ये, म्हणजे दराच्या टप्प्यात. त्यातून सरासरीपोटी भरलेले पैसे वजा. पण हेच ३६० एका महिन्याचे धरले गेले, तर पहिले १०० स्वस्तात, पुढचे २०० जवळपास दुप्पट दराने आणि उरलेले ६० त्याहून चढ्या दराने लागतात. मीटर बरोबर, रीडिंग बरोबर, बेरीज बरोबर आणि बिल मात्र चूक. इतकी सुबक चूक सहसा पाहायला मिळत नाही. शिवाय घरगुती बिलावर १६ टक्के वीज शुल्क, म्हणजे प्रत्येक जादा रुपयामागे सोळा पैसे दक्षिणा. यात व्यत्यय आणायचा तर बिलावर स्लॅबचा लाभ किती महिन्यांचा दिलाय आणि आधी भरलेल्या रकमेचं समायोजन कुठे दाखवलंय, एवढंच शोधावं लागेल. शोधू नका.

या शास्त्राची सामुदायिक उजळणी २०२० साली झाली. टाळेबंदीमुळे मार्चच्या अखेरीपासून रीडिंग थांबलं, बिलं आधीच्या थंडीच्या महिन्यांच्या सरासरीवर निघाली, उन्हाळाभर सगळं कुटुंब पंख्याखाली घरात बसलं आणि जूनमध्ये साठलेलं सगळं रीडिंग एकदम बिलात उतरलं. महाराष्ट्रभर गदारोळ झाला. त्यातली किती बिलं खरोखर चुकीची आणि किती नुसती तुंबलेली, हे मार्चमधलं रीडिंग कुठेतरी टिपून ठेवलेल्या माणसाला पाच मिनिटांत कळलं असतं. गॅसचा सिलिंडर कधी लावला ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिणारी घरं आपल्याकडे लाखो आहेत. त्याच चौकोनात मीटरचा आकडा लिहायची सवय लागली तर आपली चळवळच बसेल, तेव्हा पेन कॅलेंडरपासून लांब ठेवा.

आता मीटरकडे. तुमचा मीटर कोणता, हे जन्मात तपासू नका. तळमजल्यावर वीस मीटर ओळीने लावलेले असतात, खाली रंगाने फ्लॅट नंबर लिहिलेले असतात, आणि रंगकाम करणाऱ्याचा आणि वायरिंग करणाऱ्याचा एकमेकांशी काही संबंध नसतो. बिलावरचा मीटर क्रमांक मीटरवरच्या क्रमांकाशी जुळवणं ही झाली अर्धी तपासणी. पुरी तपासणी करणारे नतद्रष्ट वेगळंच करतात: एकाला वर मेन स्विचपाशी उभं करतात, दुसरा खाली मीटरपाशी. वरून मेन पाडला की खाली ज्या मीटरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबेल तो आपला. ३०२ चा मेन पाडल्यावर ३०३ चा दिवा थांबला, की एवढी वर्षं कोण कोणाचा एसी पोसत होतं ते उघड होतं आणि शेजाऱ्यांशी संबंध बिघडतात. शेजारधर्म मोठा की पैसा, हे तुम्हीच ठरवा.

आकडा पाहायचीच वेळ आली तर पडद्यावर पहिला दिसेल तो घ्या. डिजिटल मीटरचा पडदा आळीपाळीने तारीख, वेळ, व्होल्टेज, करंट, कमाल मागणी असं बरंच काही दाखवत राहतो. त्यातला ज्याच्या शेजारी किलोवॅट-तासाची kWh ही इंग्रजी खूण असते, तो आपला. पण २३१ दिसताच 'आपला वापर २३१' असं कळवून टाकणाऱ्यांची परंपरा थोर आहे. ते व्होल्टेज असतं. आणि दशांश चिन्हाकडे लक्ष देऊ नका. ४५८२.६ मधला तो बारीक ठिपका गाळला की ४५८२६ होतात. एका ठिपक्यात एक्केचाळीस हजार युनिटांची कमाई एरवी कुठे होते?

"मीटर पळतोय" ही तक्रार मात्र जरूर करा, पण मोघमच ठेवा. पळतोय म्हणजे किती, हे मोजायला कोणी सांगितलं तर उडवून लावा, कारण ते फारच सोपं आहे. मीटरवर '३२०० इंपल्स' असं काहीसं छापलेलं असतं. काहींवर १६०० किंवा ६४००. म्हणजे एका युनिटामागे तो लाल दिवा तितक्या वेळा लुकलुकतो. घरातलं सगळं बंद करायचं, फ्रिजसुद्धा, आणि बॅटरी चार्ज करत बसलेला इन्व्हर्टरही. मग बादलीत टाकायचा १५०० वॅटचा हीटरचा रॉड लावायचा. इस्त्री चालत नाही, ती मधूनमधून आपोआप बंद पडते. ३२०० वाल्या मीटरचा दिवा आता मिनिटाला ८० वेळा लुकलुकायला हवा, आणि ८० चाच हट्टही नको. रॉडवरचे १५०० वॅट २३० व्होल्टला असतात; संध्याकाळी व्होल्टेज २१० वर उतरलं की रॉडच कमी वीज खातो आणि आकडा ६७ च्या आसपास येतो. व्होल्टेज मीटरच्याच पडद्यावर असतं. हे सगळं जुळवूनही १०० वेळा लुकलुकला, तर शंकेला जागा आहे आणि मीटर तपासणीचा अर्ज द्यायला हरकत नाही. मग त्यांचा माणूस ॲक्युचेक, म्हणजे मीटर तपासायचं यंत्र, घेऊन येतो. पण तुम्हाला मोजायचं नाहीये, तुम्हाला कुरकुरायचंय. त्याला मोबाईलचं स्टॉपवॉच लागत नाही.

बहुतेक वेळा मीटर पळत नसतोच, घरातलं किंवा घराबाहेरचं काहीतरी त्याला पळवत असतं. सगळी बटणं बंद असताना दिवा लुकलुकत राहिला तर कुठेतरी गळती आहे. मेन पाडूनही लुकलुकला तर मीटर आणि मेनच्या मधल्या वायरवर कोणीतरी जेवतंय. जुन्या इमारतींत जिन्यातला दिवा, कधी पाण्याची मोटारही, कुणा एकाच्याच लायनीवर वर्षानुवर्षं सुखाने नांदत असते.

आणि एक खास गोष्ट, जी मुरलेल्या वायरमनलाही विचारल्याशिवाय आठवत नाही. आताचे मीटर फेज (करंट आणणारी) आणि न्यूट्रल (परत नेणारी) अशा दोन्ही तारांतला करंट मोजतात आणि जो जास्त असेल तो हिशेबात धरतात. चोरी पकडायला केलेली ही सोय. पण इन्व्हर्टरची लाइन ओढताना वायरमनने तुमचा न्यूट्रल आणि शेजाऱ्याचा न्यूट्रल एका जॉइंटमध्ये पिळून वर काळी टेप लावली, की शेजाऱ्याचा परतीचा करंट तुमच्या मीटरमधून जायला लागतो आणि मीटर इमानदारीत तो तुमच्या नावावर मांडतो. बऱ्याच मीटरवर यासाठी 'अर्थ' (Earth) असं लिहिलेला वेगळा दिवा असतो, तो लागलेला राहतो. छान दिसतो. राहू द्या. काम झाल्यावर "न्यूट्रल कुठून घेतलास रे?" असं वायरमनला विचारणं म्हणजे त्याच्या कलेचा अपमान.

मीटर बदलायला माणसं येतील तेव्हा घरी थांबू नका. सध्या स्मार्ट मीटरमुळे हा योग बऱ्याच जणांच्या पत्रिकेत आहे. जुना मीटर काढण्याआधी त्याच्या शेवटच्या आकड्याचा, मीटर क्रमांकासकट फोटो काढणारा माणूस पुढे सहा महिने कटकट करू शकतो, कारण बदलीच्या महिन्याचं बिल 'जुन्याचे अखेरचे युनिट अधिक नव्याचे' असं निघतं आणि जुना आकडा एका कागदावर हाताने लिहिलेला असतो. ४ चा ९ व्हायला घाईच पुरते. जुना मीटर एकदा पोत्यात पडून टेम्पोत गेला, की तुमच्याकडे उरते फक्त स्मरणशक्ती.

"आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, मागचं बिल अपडेट नाही, खालच्या नंबरवर बोला," असा मेसेज एखाद्या दहा आकडी मोबाईलवरून आला तर त्वरित बोला, ते सांगतील ते ॲप टाका आणि ओटीपी वाचून दाखवा. जादा भरण्याचा याहून वेगवान मार्ग अजून निघालेला नाही. महावितरणचे मेसेज मोबाईल नंबरवरून नव्हे, 'एमएसईडीसीएल' या नावाने येतात, आणि बिलासाठी वीज तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. हे तपशील घाबरलेल्या माणसाला शोभत नाहीत.

राहता राहिली तक्रार. ती तोंडीच करा, आणि ती पैसे घेणाऱ्या खिडकीवर. तिथल्या माणसाला बिल दुरुस्त करता येत नाही, त्यामुळे दोघांचाही वेळ सारखाच जातो. आतल्या टेबलावर लेखी अर्ज, मीटरचा तारखेसह फोटो, शेवटची सहा बिलं आणि अर्जाच्या प्रतीवर पोच, एवढा ऐवज घेऊन गेलात तर पंचाईत होईल. तिथे एखादा कारकून निमूटपणे बी-८०, म्हणजे बिल दुरुस्तीची नोंद, करून बिल दुरुस्तही करून टाकेल. मीटर सदोष निघाला तर तपासणीच्या निकालानुसार वाद उपस्थित झाल्याच्या महिन्याआधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांची बिलं दुरुस्त होतात. म्हणजे जितकी उशिरा तक्रार, तितके जास्त महिने कायमचे दान. वाद चालू असताना वीज तुटू नये म्हणून वीज कायद्याच्या कलम ५६ मध्ये सोय आहे: मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी, यातली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरायची. वर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यावर मुंबईत आणि नागपूरला विद्युत लोकपाल आहेत, आणि मंचापुढे स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. इतक्या पायऱ्या चढायला गुडघे हवेत.

त्यापेक्षा खिडकीवर आवाज चढवा, मागच्या रांगेची दाद घ्या, पूर्ण रक्कम भरा. तीही मुदत उलटून गेल्यावर, म्हणजे वेळेत भरल्याची सूट बुडून वर सव्वा टक्का विलंब आकार लागतो. मग घरी या, आणि वर चढताना जिन्यातला दिवा तेवढा आठवणीने मालवा. तो तुमच्याच मीटरवर असायची शक्यता आहे.