तालुक्याच्या गावातून उत्तर

नमस्कार साहेब,

हीटसिंक (प्रोसेसरवर बसवलेला, त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) काढून परत बसवण्याच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया आधी इथे देतो, म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. "ब्लोअर मारला की पुरतं, हीटसिंक उचकटायची गरज नसते. पेस्ट पाच-सहा वर्षं टिकते. असलं वाचून लोक प्रोसेसरच्या पिना वाकवतील. तालुक्याच्या गावात बसून हार्डवेअरचं शास्त्र शिकवू नये."

पेस्ट म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप. आता एक गोष्ट मान्य. पिनांबद्दल तुम्हाला वाटणारी काळजी रास्त आहे, नवख्याच्या हातून हे होतं. त्याकडे खाली येतो.

आधी शेवटचं वाक्य. ते वाचून मला राग आला आणि तो मी लपवणार नाही. माझं दुकान चाळीसगावला आहे. वडील रेडिओ दुरुस्त करायचे, त्यांच्याच टेबलावर मी सोल्डरिंग शिकलो आणि आजही त्याच टेबलावर मदरबोर्ड उघडतो. गिऱ्हाईक येतं ते "भाऊ, कॉम्प्युटर आपोआप बंद व्हस" एवढंच सांगतं, पुढचं आपण शोधायचं असतं. जिनिंगच्या ऑफिसातलं मशीन उघडलं की पंखा वरून बऱ्यापैकी स्वच्छ दिसतो. तो काढला की खाली हीटसिंकच्या ॲल्युमिनियमच्या फिन्सवर, म्हणजे पातळ पट्ट्यांवर, कापसाचे तंतू आणि धूळ यांचा घट्ट थर बसलेला असतो. ब्लोअरने त्यातलं वरवरचं उडतं, बाकीचं आणखी आत दाबलं जातं. तो थर मी नखांनी सोलून काढलाय साहेब. तुम्ही कधी काढलाय का?

आणि शास्त्रच हवं असेल तर घ्या. कूलर, म्हणजे हीटसिंक आणि त्यावरचा पंखा, प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तुमच्या एसी खोलीत २५ अंश असतील, मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५च्या आसपास जातो. काम तेच, कूलर तोच, तरी प्रोसेसर साधारण २० अंशांनी जास्त तापणार. इंटेलचे बरेच डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंशांच्या जवळ गेले की स्वतःचा वेग कमी करतात, आणि उष्णता तरीही वाढत राहिली तर मशीन बंद पडतं. वाळून भेगा पडलेली पेस्ट तुमच्याकडे खपून जाते. आमच्याकडे तिच्यामुळे ऐन हंगामात बिलं अडकतात. मग हे तालुक्याच्या गावातल्या माणसाने सांगायचं नाही तर कोणी सांगायचं?

आता पिना. त्यावर लेखात अख्खा परिच्छेद आहे, तो तुम्ही वाचलेला दिसत नाही. एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटमध्ये (मदरबोर्डवरच्या खाचेत) बसणाऱ्या प्रोसेसरला १३३१ पिना असतात, त्या प्रोसेसरच्याच पोटाला. पेस्ट सुकून चिकटलेली असताना हीटसिंक सरळ वर ओढला, तर सॉकेटचा लीव्हर बंद असूनही प्रोसेसर त्याच्यासोबत उपटून येतो. म्हणूनच मी लिहिलं होतं की मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट ऊबदार होऊ द्या, मग बंद करून प्लग काढा, पंख्याची वायर सोडवा, क्लिप किंवा स्क्रू मोकळे करा आणि हीटसिंक हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवत सुटा करा. इंटेलच्या साध्या कूलरला चार पुश पिना (मदरबोर्डवर दाबून बसवायच्या प्लास्टिकच्या खुंट्या) असतात, त्या काढताना बाणाच्या दिशेने वळवायच्या. बसवताना त्या जागेवर परत वळवून समोरासमोरच्या तिरप्या जोडीने दाबायच्या, आणि चारही पक्क्या बसल्या का ते मदरबोर्डच्या मागून बघायचं. एक पिन अर्धवट राहिली की सगळी मेहनत वाया. हीटसिंक एकदा उचलला की जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसून नवी वाटाण्याएवढी घालायची. जुन्यावरच परत टेकवला तर मध्ये हवा अडकते, आणि हवेतून उष्णता जवळजवळ जातच नाही. यात पिना वाकवा असं कुठे लिहिलंय ते दाखवा.

पेस्ट पाच-सहा वर्षं टिकते म्हणता. टिकत असेल. त्यावर वाद घालायला मला वेळ नाही.

पुढच्या वेळी स्वतःच्या नावाने लिहा. एप्रिलमध्ये या भागात आलात तर ब्लोअर घेऊन दुकानावर या. आधी तुम्ही मारा, तापमान बघू. मग मी हीटसिंक काढून, साफ करून बसवतो आणि परत बघू. दोन्ही आकडे इथेच छापेन.