मागचा पाटा (स्प्रिंगमधली पोलादी पट्टी) काढून पिकअप खाली आणण्याबद्दल खुलासा
मार्केट यार्डातल्या पिकअपवाल्यांच्या ग्रुपवर फिरतंय: ‘मागचा एक पाटा काढा, गाडी खाली बसते, बाकी काही फरक पडत नाही.’ हे साफ चूक आहे. प्रत्येक पाटा वजनाचा वाटा उचलतो. एक काढला की त्याचा भार उरलेल्यांवर पडतो. कांद्याच्या गोण्या भरून कात्रज घाटात गेलात की एक्सल (चाकं जोडणारा आडवा दांडा) बंप स्टॉपवर (त्याला अडवणाऱ्या रबरी ठोकळीवर) आपटू लागतो आणि पाटा बरेचदा सेंटर बोल्टच्या (पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या) भोकाशीच तुटतो.

पाटे आणि एक्सलच्या मध्ये ठोकळा घातला की गाडी खाली बसतेच, हाही गैरसमज आहे. पाटे एक्सलच्या वर असतील तर मधल्या ठोकळ्याने मागची बाजू उलट उंच होते! खाली आणायला एक्सल पाट्यांच्या वर घ्यावा लागतो, पण मग एक्सल आणि चॅसी (गाडीचा सांगाडा) यांच्यामधलं अंतर फार कमी उरतं. आणि बाबांनो, एकदा ताणलेले जुने यू बोल्ट (एक्सल पाट्यांना आवळून धरणारे) परत आवळू नका.