शिळं पाणी

परवा रात्री अडीच वाजता नळ आला. आपल्या सोलापुरात असंच म्हणतात ना, "नळ आला." चार दिवस गायब असलेल्या पाहुण्यासारखा तो येतो, तोही झोपेच्या वेळेला. आधी पाइपातली हवा खाकरते, मग दोन तांबे गढूळ पाणी पडतं, मग धार लागते. त्या खाकरण्यावर आमची अख्खी गल्ली जागी होते. अलार्म लावायची गरज पडत नाही.

आमच्या सासूबाई उठतात त्या थेट मोरीत. आणि पहिलं काम काय, तर भरलेल्या घागरी रिकाम्या करतात. भांडी दोन पाण्यांत उरकून, पोरीवर "एका बादलीत अंघोळ कर गं" म्हणून ओरडून, फरशी एक दिवसाआड पुसून जे पाणी मागं राहिलेलं असतं, ते सगळं धाडदिशी मोरीत. का, तर शिळं झालं.

मी म्हटलं, "आत्या, राहू द्या की, सकाळी कपड्यांना घेते."
"नवं पाणी आलंय की. शिळं कशाला ठेवायलीस?"

हा संवाद आमच्या घरात लग्नापासून चालू आहे, म्हणजे सतरा वर्षं. आणि फक्त आमच्याच घरात चालू आहे असं नाही. रात्री दार उघडून बाहेर बघा. प्रत्येक उंबऱ्यापाशी कुणीतरी कळशी उपडी करत असतं. नळ यायच्या रात्री आमच्या गल्लीत आधी गटार भरते, पिंपं नंतर.

मी अक्कलकोट रोडला एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते. आकड्यांची सवय आहे, म्हणून गेल्या उन्हाळ्यात महिनाभर मोजलं. फार शास्त्रशुद्ध काही नाही, ओतायच्या आधी किती घागरी, किती बादल्या, एवढंच कॅलेंडरवर पेन्सिलीनं मांडलं. आमच्या एका घरात नळ आला की दर वेळी सत्तर-ऐंशी लिटर. उन्हाळ्याच्या दिवसांत, ज्या आठवड्यात मी टँकरवाल्याला फोन करत होते, त्याच आठवड्यात. ते आकडे बघून मला स्वतःचीच लाज वाटली, कारण त्यातल्या काही घागरी मीही ओतल्या होत्या. अर्ध्या झोपेत हात आपोआप वळतो.

आता हे "शिळं" प्रकरण जरा नीट बघू. आपलं पाणी येतं कुठनं? बरंचसं उजनीतनं, शंभर किलोमीटरच्या वर लांबून, मोटारींनी उचलून, पाइपातून ढकलत. आणि उजनीत ते किती दिवस असतं? मे महिन्यात आपण जे पितो ते निदान गेल्या पावसाळ्यातलं असतं. उजनीची सगळी साठवण ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास, त्यातला ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा, म्हणजे एरवी न वापरायचं तळातलं पाणी. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेलं होतं, आठवतंय ना? तेव्हा आपण तो तळातला मृतसाठाच पीत होतो. धरणात वर्षभर पडून राहिलेलं पाणी ताजं आणि तेच आपल्या घागरीत चार दिवस राहिलं की शिळं. मला हा हिशेब आजवर जुळलेला नाही.

अजून एक. वीस लिटरचा थंड जार आपण घेतो. तो कधी भरला, कुठं भरला, कुणी विचारतं का? प्रवासात वीस रुपयांची बाटली घेतो, तिच्यावर दोन-तीन महिन्यांपूर्वीची तारीख असते. ती गटागटा पितो. पैसे दिले की पाणी शिळं होत नसावं बहुतेक.

मी आत्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझं खरंय. पण परवा नळ आला नाही तर?"

मला हे कळायला बरेच दिवस लागले, पण ओतण्याचं मूळ या प्रश्नात आहे. त्या ओततात कारण भांडं रिकामं पाहिजे. नळ दीड तास राहील का पाऊण तास, पुढचा चार दिवसांनी येईल का सहा, काही सांगता येत नाही. मग आलेल्या वेळात सगळं काठोकाठ भरून ठेवायचं. अर्धी भरलेली घागर तशीच राहिली तर तेवढं नवं पाणी हुकलं असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात अर्ध्या घागरीवर अर्धी घागर भरली असती. पण रात्री अडीच वाजता, मागं रांगेत नऊ भांडी असताना, एवढं गणित कोण करतं? टंचाई माणसाला काटकसर शिकवते असं आपण भाषणांत ऐकतो. मी तर उलटं बघते. पाण्याचा भरवसा नसला की माणूस साठवतो, आणि साठवायला जागा पाहिजे म्हणून ओततो. ज्या घरात रोज नळ येतो त्या घरात कुणी घागर उपडी करत नाही, कारण तिथं घागरीच नाहीत.

म्हणून "पाणी वाचवा" असं भिंतीवर रंगवलेलं दिसलं की मला चिडायला होतं. आमच्या गल्लीत ते अगदी नळाच्या वर रंगवलंय. त्या नळाला गेल्या महिन्यापर्यंत तोटी नव्हती. दाब कमी म्हणून खड्डा खणून नळ खाली घेतलेला, आणि खड्ड्यात नुसता पाइप. भांडी भरली की तो तसाच वाहायचा. मग स्कूटर धुऊन व्हायची, अंगण धुऊन व्हायचं, शेवटी रस्ताच धुवायचे. दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या अक्का तेवढ्या वेळात चार घागरी भरायला धडपडत असायच्या, कारण मधल्या दोन घरांनी नळाला थेट मोटर लावलीय. अक्का माझ्या शेजारणीची थोरली बहीण, घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी. त्या एकदा मला म्हणाल्या, "तुमच्याकडं रस्ता पण आंघोळ करतो. आमच्याकडं माणसं राहिली." हसत म्हणाल्या, पण मी त्या दिवशी खाली बघितलं.

बरं, मग मी काय केलं? मी पराक्रम केला. जोशात जाहीर केलं की या घरात आता एक थेंब ओतायचा नाही. जुनं पाणी गच्चीवरच्या दोनशे लिटरच्या बॅरलमध्ये साठवायचं, आणि तिथनं कूलरला, झाडांना, धुण्याला. पंधरा दिवस छान चाललं. मग एका सकाळी आरोग्य खात्याच्या आशाताई आल्या, हातात टॉर्च. बॅरलवर मी पत्रा ठेवला होता, तो वाऱ्यानं सरकलेला. टॉर्चच्या उजेडात पाण्यात बारीक बारीक अळ्या वळवळत होत्या, वर-खाली, वर-खाली. पाऊस पडल्यावर डबक्यात दिसतात तशा. आशाताईंनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. आत्या मागं उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, पण त्यांचं न बोलणं मला अजून ऐकू येतं.

डेंगीचा डास असल्याच साठवलेल्या, स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. उन्हाळ्यात अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, भांडी रिकामी करून घासून पुसून वाळवा, असं सांगतात. म्हणजे आत्यांच्या ओतण्यात एक शहाणपण होतं, जे मी पुस्तकी उत्साहात विसरले होते. भांडं वेळच्या वेळी रिकामं व्हायलाच पाहिजे. फक्त ते गटारीत रिकामं व्हायला पाहिजे असं कुठं लिहिलंय?

मग कारखान्यातली अक्कल कामाला आली. गोडाऊनमध्ये आम्ही जुना माल आधी बाहेर काढतो, नवा मागं लावतो. तसंच पाण्याचं. आता बॅरलवर खडूनं वार लिहिते. "मंगळ" असं लिहिलेलं पाणी आधी संपवायचं: धुणं, संडास, फरशी, कूलर. कूलर तर मे महिन्यात राक्षस असतो. पारा ४३-४४ वर गेला की वाळ्याच्या जाळीतून दिवसाला चाळीस लिटर पाणी हा हा म्हणता उडून जातं, त्याला कशाला हवंय आजचं पाणी? पण कूलरची टाकीसुद्धा आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासावी लागते, डासांना ती बॅरलइतकीच आवडते. नळ यायच्या आदल्या संध्याकाळी घरातलं जुनं पाणी जवळपास संपलेलं असलं पाहिजे, एवढा एकच हिशेब. प्यायच्या पाण्याची घागर वेगळी, झाकलेली, आणि तिच्यात हात बुडवायचा नाही, ओगराळ्यानं घ्यायचं. झाकलेलं पाणी चार दिवसांत सहसा बिघडत नाही. बिघडतं ते आपल्या बोटांनी.

आणि पत्र्याऐवजी बॅरलच्या तोंडावर टॉवेल बांधला. डाग पडलेला, किनार वाकडी गेलेला सेकंडचा माल कारखान्यात पडून असतो, मालकांनी हसत दिला. चांगला जाड टर्किश टॉवेल, नायलॉनच्या दोरीनं घट्ट आवळला की डासाची काय बिशाद. टॉवेलच्या गावात पिंपाला टॉवेल बांधायचं सुचायला मला चाळिशी गाठावी लागली.

इथं थोडं विषय सोडून. आमच्या घरी एक चादर आहे, आत्यांच्या लग्नातली, अस्सल सोलापुरी. मोराचं डिझाइन आता ओळखूही येत नाही. आधी ती पाहुण्यांसाठी होती, मग रोजच्या अंथरुणात आली, मग वाकळेच्या पोटात गेली, आणि वाकळ फाटल्यावर तिच्या तुकड्यांची पायपुसणी झाली. याला कुणी पर्यावरण म्हणत नव्हतं. आत्यांच्याच नातीला मी परवा ऑनलाइन मागवलेली चादर दिली, दोन धुण्यांत गोळे आले. असो.

कारखान्यात हे सगळं सांगितलं की एक जण हमखास म्हणतो, "तुमच्या ऐंशी लिटरनं काय होतंय बे? उसाकडं बघा की." खरं आहे. आपल्या जिल्ह्यात पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि उसाला हंगामभरात दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाणी लागतं. फरक कुठनं भरून निघतो, तर धरणातनं आणि बोअरमधनं. त्यापुढं माझी घागर म्हणजे काहीच नाही, हे मला मान्य आहे. पाटानं पाणी सोडण्यापेक्षा ठिबकवर ऊस घ्या, ज्वारी-तुरीला बरा भाव द्या, हे प्रश्न घागरीनं सुटणारे नाहीत, त्यासाठी मोठ्यांनी मोठे निर्णय घ्यावे लागतील. पण तो जण हे बोलून झाल्यावर स्वतःच्या घरी तोटी बसवतो का? नाही बसवत. उसाचा मुद्दा त्याला फक्त खुर्चीतनं न उठण्यासाठी पाहिजे असतो.

गच्चीचं मात्र गणित करून बघाच. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर होतो. सहाशे चौरस फुटांची गच्ची म्हणजे साधारण ५५ चौरस मीटर. साडेपाचशे मिलिमीटर गुणिले पंचावन्न, तीस हजार लिटर. थोडं उडून जातं, थोडं पहिल्या पावसात घाण धुऊन सोडून द्यावं लागतं, तरी वीस-पंचवीस हजार लिटर हाती लागू शकतं. आम्ही गेल्या वर्षी गच्चीचा पाइप घराच्या बोअरपाशी खड्डा करून वाळू, खडी, विटांचे तुकडे घालून त्यात सोडला. बोअरला फार चमत्कार झाला असं नाही. मार्चमध्ये आटायचं ते एप्रिलच्या मध्यापर्यंत टिकलं. मला तेवढं पुष्कळ वाटलं.

आणि हे शहर पाणी साठवण्यात अडाणी कधीच नव्हतं. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी इथं तलाव खोदवला, आज आपण गड्ड्याच्या जत्रेला जातो तेव्हा त्याच पाण्याच्या कडेनं फिरतो. हिप्परग्याचा तलावही दीडशे वर्षांचा आहे. पाऊस कमी, म्हणून साठवायचा आणि मग वर्षभर त्याच साठवलेल्यावर जगायचं, हीच इथली रीत. तलावातलं पाणी शिळं झालं म्हणून कुणी बांध फोडल्याचं ऐकलं नाही.

आमच्या गल्लीत मी गेल्या महिन्यात पदरचे पैसे घालून त्या खड्ड्यातल्या नळाला तोटी बसवून घेतली. प्लंबरचे धरून दोनशे रुपये गेले. आठ दिवसांत कुणीतरी काढून नेली. दुसरी बसवली, ती अजून आहे. अक्कांच्या मुलानं तिला बाइकचं जुनं लॉक लावलंय, चावी त्यांच्याकडं. लॉक काढायला म्हणून का होईना, आता नळ आला की पहिल्यांदा अक्कांना उठवावं लागतं.

परवाच्या रात्रीचं राहिलंच. अडीच वाजता आत्यांनी सवयीनं घागर उचलली, मोरीच्या कडेला तिरकी केली, आणि मी मागं उभी आहे हे लक्षात आल्यावर थांबल्या. मग तशाच अंगणात गेल्या आणि सगळी घागर तुळशीत ओतली.

"आत्या, तुळस कुजंल."

"मग कुठं ओतू? तूच सांग."

मी बादली पुढं केली.