‘किती गोड’ म्हणण्याआधी पट्टी खाली करा

आज इंदूरमध्ये एका हॉलमध्ये ‘यंग ॲट हार्ट’ हा ज्येष्ठांच्या गायक गटावरचा माहितीपट दाखवला. घरी येऊन दोन तास झाले, तरी डोकं शांत होत नाहीये, म्हणून लिहिते आहे.

पडद्यावर त्या गटातला फ्रेड निटल खुर्चीत बसून गायला लागला. नाकाला ऑक्सिजनची नळी, आणि त्या यंत्राचा आवाज गाण्याच्या आत ऐकू येतोय. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, “किती गोऽऽड!” आणि टाळ्या सुरू झाल्या. ओळ अजून अर्धीच झाली होती. जिथे तो श्वास घेत होता, बरोब्बर तिथे टाळ्या.

पहिल्या रांगेत एक काकू बसल्या होत्या, पंचाहत्तरीच्या पुढच्या. त्यांचं एक बोट मांडीवर चालू होतं. आधी वाटलं ताल धरतायत. नीट पाहिलं तर फ्रेड श्वास घेई तेव्हा बोट वर जाई आणि ओळ सुरू झाली की खाली येई. अख्ख्या हॉलमध्ये गाणं ऐकणारी ती एकटी बाई. टाळ्यांमध्ये श्वास बुडाला आणि त्यांचं बोट वरच राहिलं.

हे गाणं, कोल्डप्ले या बँडचं ‘फिक्स यू’, दोघांनी मिळून गायचं ठरलेलं होतं. जोडीदार बॉब साल्विनी कार्यक्रमाआधीच गेला, म्हणून फ्रेड एकटा गातो. अमेरिकेतल्या नॉर्थॅम्प्टन गावात १९८२ साली बॉब सिलमनने वृद्धांच्या वसाहतीत हा गट सुरू केला आणि २००७ मध्ये त्यावर हा माहितीपट आला. सरासरी वय ऐंशीच्या घरात. एका गाण्यात ‘कॅन’ हा शब्द ७१ वेळा येतो आणि तो जागेवर पडावा म्हणून ही माणसं तालमीत पुन्हा पुन्हा अडखळतात. सिलमन त्यांना सूट देत नाही, चुकलं की चुकलं म्हणतो. आपल्या हॉलमध्ये लोक याच प्रसंगाला खदाखदा हसले.

हसू येतं, मान्य. सिनेमाही काही ठिकाणी हसवायलाच बेतलाय. पण राग येतो तो पुढच्या भागाचा. एकदा ‘गोड’ म्हटलं की आपली जबाबदारी संपते. आपल्याकडे गणपतीत ज्येष्ठांचं समूहगान ठेवतात, तेव्हा काय होतं ते आठवा. पेटीवाला सवयीने काळी चार ही चढी पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ ‘सा’, धरतो. अंतरा तार गंधारापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ‘ग’पर्यंत चढतो, सत्तरीच्या बायकांचे गळे तिथे फाटतात, आणि आपण म्हणतो, “या वयात एवढं करतात हेच खूप!” अहो, खालची पांढरी चार धरा, नाही जमलं तर पांढरी तीन. पाळी गेल्यावर बायकांचा आवाज खाली उतरतो. पुरुषांचं उलट, म्हातारपणी स्वरतंतू पातळ होतात, आवाज थोडा चढतो आणि त्यातला भरदारपणा जातो. म्हणून मिश्र गटात ध्रुवपद सगळ्यांनी घ्यावं आणि वरचा अंतरा ज्यांचा चढतो त्यांनीच.

दुसरी चूक म्हणजे ‘ज्येष्ठांसाठी’ म्हणून लय खाली आणणं. लय उतरली की प्रत्येक स्वर लांबतो, आणि नेमका श्वासच तर कमी झालेला असतो! लय मध्यम ठेवा आणि ओळ तोडा. शेजारी बसलेल्या दोघांनी एकाच जागी श्वास घ्यायचा नाही. एकीने दुसऱ्या शब्दानंतर, दुसरीने चौथ्यानंतर, म्हणजे गटाचा आवाज कुठेच तुटत नाही. प्रत्येकीच्या कागदावर पेन्सिलीने आपापली खूण. अक्षर २० ते २२ पॉइंटचं. आणि तो कागद कृपा करून लॅमिनेट करू नका, स्टेजच्या दिव्यात नुसता चकाकतो आणि एक ओळ दिसत नाही.

काकूंचं ते बोट हीच खूण करत होतं. हे कोणी शिकवलेलं नसतं, वर्षानुवर्षं भजनी मंडळात बसून येतं.

खुर्ची बिनहाताची हवी, आणि पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, नाहीतर पोट दबतं. उभ्याने सलग दोन गाण्यांपेक्षा जास्त नाही, बीपीची गोळी घेणाऱ्याला घेरी येऊ शकते. काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, म्हणून साधं पाणी घोट घोट, हाताशी. कवळी सैल असेल तर ‘स’ आणि ‘श’ला शिट्टी येते, ती आधी दातांच्या डॉक्टरांकडून नीट बसवून घ्यावी. कानाचं यंत्र कधी कधी लांब धरलेल्या स्वराला स्वतःचीच शिट्टी समजून दाबायला जातं आणि स्वर थरथरतो. बऱ्याच यंत्रांत संगीताची वेगळी सोय असते, ती लावून घ्या. “आजी बेसूर झाल्या” म्हणताना आजींना पेटी धड ऐकूच येत नव्हती, असं किती वेळा झालं असेल!

आपण कोणत्या मुलखात राहतो हेही विसरतो. इथून चाळीसेक किलोमीटरवर देवासला १९४८ साली कुमार गंधर्व आले ते क्षयाने एक फुफ्फुस जवळजवळ निकामी होऊन. पाच-सहा वर्षं गाणं बंद. परत गायला लागले ते छोट्या छोट्या, तुटक, टोकदार फेकीत, आणि माळव्यातल्या जाणकारांनी ते मान डोलावून ऐकलं. तिथे श्वासाची जागा म्हणजे गाणंच होतं. फ्रेडच्या श्वासावर मात्र टाळ्या?

सगळेच ज्येष्ठ सुरेल गातात असं नाही, तेही कबूल. कोणाचा सूर तरुणपणीही नव्हता. मग त्यांना झांज द्या, मागच्या ओळीत सुरेल माणसाच्या शेजारी बसवा, पण तालमीला चूक सांगा. चूक सांगणं हा मान आहे.

रडणाऱ्यांवर माझा राग नाही. सहगायक गेल्याची बातमी कळते आणि त्याच दिवशी ही माणसं तुरुंगात जाऊन कैद्यांसमोर गातात, तिथे माझेही डोळे भरले. ते कैदी बघा हवं तर. एकाच्याही तोंडावर ‘गोड’ नव्हतं. ते ऐकत होते.

दिवे लागल्यावर काकूंनी शेजारच्या मुलीला विचारलं, “बेटा, त्याची पट्टी कोणती असेल गं?” ती म्हणाली, “आजी, सावकाश उठा हं,” आणि त्यांचा दंड धरला.

काकू, तुम्ही फेसबुकवर नसाल, तुमच्या घरच्या कोणी वाचलं तर सांगावं. नेमकी पट्टी मी पेटीवर लावून पाहिलेली नाही. पण मूळ गायक ते गाणं चढ्या, बारीक आवाजात घेतो, आणि फ्रेडने ते सरळ आपल्या खर्जात उतरवलंय. म्हणून त्याला ओळीच्या शेवटी श्वास उरतो.